फ्रान्सच्या गावाकडे कॅम्परव्हॅनने: एकच खोरं निवडा आणि पायी फिरा

पहिल्यांदा आम्ही दोघं कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन फ्रान्सला गेलो, तेव्हा चौदा दिवसांत अडीच हजार किलोमीटर गाडी हाकली. घरी येऊन फोटो बघायला बसलो तर निम्मे फोटो पुढच्या काचेतून काढलेले. दुसऱ्या खेपेला तेवढ्याच दिवसांत गाडी जेमतेम सहाशे किलोमीटर चालली आणि बुटांचे तळ मात्र झिजले. ती दुसरी सहल कशी आखली, ते इथे क्रमाने सांगते. ज्यांनी कधी कॅम्परव्हॅन चालवलेली नाही, ज्यांना फ्रेंच येत नाही, पण सह्याद्रीत पाय मोकळे करायची ज्यांना सवय आहे, अशा जोडप्यांसाठी हे लिहिते आहे.

१. आधी खोरं ठरवा, मग तारखा

फ्रान्स मोठा देश आहे. चौदा दिवसांत तो उरकायचा विचार मनातून काढून टाका. नकाशावर एक नदी शोधा आणि तिच्या आसपासच राहा. आम्ही लॉत नदी निवडली. फ्रान्सच्या नैऋत्येला केर्सी नावाचा मुलूख आहे, तिथे ही नदी चुनखडीच्या पठारातून वळणं घेत जाते. त्या पठारांना तिथे ‘कोस’ म्हणतात. बूझिएस गावाजवळ तिला सेले नावाची छोटी नदी मिळते. काओर, फिझाक, सँ-सिर्क-लापोपी, रोकामादूर, पादिराक ही सगळी ठिकाणं एकमेकांपासून तास-दीड तासाच्या आत आहेत. म्हणजे सकाळी गाडी अर्धा-पाऊण तास चालवायची, उभी करायची आणि उरलेला दिवस पायांवर काढायचा.

विमानाचं तिकीट पॅरिसऐवजी तुलूझचं काढा. एक विमान बदलावं लागतं, पण तुलूझहून काओर सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. पॅरिसहून निघालात तर पहिला आणि शेवटचा असे दोन दिवस रस्त्यात जातात.

महिना कोणता? मेचा उत्तरार्ध, जून किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये फ्रेंच शाळांना सुट्ट्या असतात, सगळा देश बाहेर पडतो आणि पठारावर ऊनही रणरणतं. मेमध्ये १ आणि ८ तारखेला सार्वजनिक सुट्टी असते, शिवाय ईस्टरवर अवलंबून असलेल्या आणखी एक-दोन सुट्ट्या बहुतेक याच महिन्यात येतात. तेव्हा लोक जोडसुट्टी काढून सहलीला निघतात, म्हणून त्या दिवसांचा मुक्काम आधी नक्की करून ठेवा.

२. कागदपत्रं आणि पिशवीत काय न्यायचं नाही

शेंगेन व्हिसासाठी सहा महिने आधीपर्यंत अर्ज करता येतो. मुक्काम जास्त दिवस फ्रान्समध्ये असेल तर अर्ज फ्रान्सकडेच करायचा. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. राहण्याचा पुरावा म्हणून गाडीचा भाडेकरार आणि कॅम्पसाइटची आरक्षणं जोडा. ‘गाडीतच राहू’ एवढ्या उत्तरावर अर्ज सोडू नका, रात्रीगणिक गावांची यादी द्या.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओकडून मिळतो. परिवाहनवर अर्ज होतो, फी १,००० रुपये आणि मुदत एक वर्ष. मूळ परवानाही सोबत हवाच. दोघांनीही परवाना काढा आणि करारात दोघांची नावं चालक म्हणून घाला.

अनामत रकमेसाठी बहुतेक भाडे कंपन्यांना चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, फॉरेक्स कार्ड तिथे सहसा चालत नाही. आपल्या बँकेचा ओटीपी भारतीय नंबरवर येतो, तेव्हा त्या नंबरचं रोमिंग चालू ठेवा. आमचं एक आरक्षण केवळ या ओटीपीपायी अडकलं होतं.

आता खाण्याच्या पिशवीबद्दल, कारण आपल्याकडे तीच सगळ्यात जड असते. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आत नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, खवा, तूप घरीच. ताजा कढीपत्ताही नको, वनस्पतींसाठी वेगळं प्रमाणपत्र मागतात. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, मूगडाळ, बाकरवडी यांना हरकत नाही. तूप हवंच असेल तर तिथलं बिनमिठाचं लोणी कढवा, पंधरा मिनिटांचं काम आहे.

३. गाडी लहानच घ्या

भाड्याच्या यादीत चित्रं मोहक असतात. मोठी मोटारहोम बघून ‘जरा ऐसपैस बरी’ असं वाटतं. ऐकू नका. गावातल्या गल्ल्या मध्ययुगीन आहेत आणि नदीकाठच्या रस्त्यांवर कड्याचा दगड रस्त्यावर झुकलेला असतो. दोघांसाठी सहा मीटरच्या आतली, पत्र्याच्या बांध्याची व्हॅन पुरते. तिची रुंदी आरसे सोडून दोन मीटरच्या किंचित वर असते. एकूण वजन साडेतीन टनांच्या आत हवं, तिथे साध्या मोटारीच्या परवान्याची मर्यादा तेवढीच आहे.

गाडी ताब्यात घेताना घाई करू नका. सगळं समजावून सांगितलं जात असताना मोबाइलवर चित्रीकरण करा. पाण्याचा झडप कुठे, गॅस कुठून बंद होतो, संडासाची कॅसेट, म्हणजे मैला साठवणारी काढती टाकी, कशी निघते, बॅटरीचा फलक कसा वाचायचा हे सगळं स्वतःच्या हाताने एकदा करून पाहा. गाडीत धोक्याची सूचना देणारा त्रिकोण आणि दोघांसाठी चमकदार जॅकेटं आहेत ना ते बघा. जॅकेट डिकीत नको, हाताशी हवं, गाडी बंद पडल्यावर उतरण्याआधीच ते अंगावर चढवायचं असतं.

आणि गाडीची उंची एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून चालकासमोर चिकटवा. आमच्या कागदावर २.७० होतं. फ्रान्समध्ये बऱ्याच वाहनतळांच्या तोंडाशी दोन मीटरवर आडवा दांडा असतो. टोलनाक्यावरही दोन मीटरची पाटी लटकलेली मार्गिका मोटारींची, तीत शिरायचं नाही. दोन ते तीन मीटर उंचीची, साडेतीन टनांच्या आतली व्हॅन दुसऱ्या वर्गात धरतात, टोल मोटारीपेक्षा जास्त पडतो.

४. रस्त्यावर

विमानातून उतरल्या दिवशी गाडी घेऊ नका. एक रात्र तुलूझला झोपा, दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या.

गाडी उजवीकडून चालवायची आणि स्टिअरिंग डावीकडे. दोन दिवसांत हात बसतो, पण चूक होते ती मोकळ्या रस्त्यावर, पेट्रोल भरून बाहेर पडताना किंवा सकाळी पहिल्यांदा गाडी काढताना. आम्ही नियम केला: शेजारी बसलेल्याने प्रत्येक वळणाला मोठ्याने म्हणायचं, ‘उजवीकडे राहा’. शेवटच्या दिवसापर्यंत म्हणायचं.

गोल चौकात आत फिरणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तो तुमच्या डावीकडून येतो. मात्र खेड्यात जिथे कसलीच पाटी नाही, तिथे उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याचा हक्क पहिला. ती गल्ली शेणाच्या ट्रॅक्टरची असली तरी. हा नियम नवख्यांना सगळ्यात जास्त दगा देतो.

वेगमर्यादा: लाल कडेची गावाची पाटी लागली की ५०, ती पाटी काट मारलेली दिसली की गाव संपलं. बाहेरच्या दुपदरी रस्त्यांवर ८०, काही जिल्ह्यांनी काही रस्त्यांवर ९० केली आहे, तेव्हा पाटी बघा. मोटारमार्गावर १३०, पावसात ११०. कॅम्परव्हॅन १०० च्या वर नेण्यात सुख नाही, वाऱ्याने ती डुलते. मागे मोटारींची रांग लागली की जागा बघून बाजूला घ्या आणि त्यांना जाऊ द्या. हात वर करून आभार मानतात.

इंधन भरताना झाकणावर काय लिहिलंय ते वाचा. डिझेलला तिथे ‘गाझोल’ म्हणतात आणि पंपावर बी७ असं लिहिलेलं असतं. सुपरमार्केटच्या पंपावर ते स्वस्त मिळतं. रविवारी तिथे माणूस नसतो, यंत्रात कार्ड आणि पिन घालावा लागतो.

५. रात्र कुठे काढायची

चार प्रकार आहेत. आम्ही ते आलटून पालटून वापरतो.

‘काँपिंग म्युनिसिपाल’ म्हणजे गावच्या नगरपालिकेचं कॅम्पिंग. माझं सगळ्यात आवडतं. बहुधा नदीच्या काठाला, झाडांच्या सावलीत, गरम पाण्याची न्हाणीघरं आणि चालत जाण्याच्या अंतरावर बेकरी. दुपारी १२ नंतर कार्यालय बंद असतं. कुणी नसलं तर गोंधळू नका, जागा बघून गाडी लावा, संध्याकाळी माणूस येऊन पैसे घेतो. माणशी थोडा पर्यटन कर वेगळा लागतो.

‘एर द काँपिंग-कार’ म्हणजे फक्त कॅम्परव्हॅनसाठी राखलेला तळ. पाणी भरायची आणि सांडपाणी सोडायची सोय असते, न्हाणीघर नसतं. काही फुकट, काहींना थोडे पैसे. काही ठिकाणी यंत्रात नाण्याऐवजी टोकन लागतं, ते ‘मेरी’त, म्हणजे गावच्या नगरपालिका कार्यालयात, किंवा बेकरीत विकत मिळतं. बंद व्हायच्या आत आणून ठेवा.

तिसरा प्रकार ‘फ्रान्स पासियों’. १९९३ पासून चालू असलेलं शेतकऱ्यांचं आणि द्राक्षमळेवाल्यांचं जाळं. वर्षाचं सभासदत्व असेल तर एक रात्र त्यांच्या आवारात फुकट राहता येतं. विकत काही घेतलंच पाहिजे अशी सक्ती नाही. गाडीत स्वतःचं पाणी आणि संडास मात्र हवा. पोचल्यावर आधी मालकाला जाऊन भेटायचं, परस्पर गाडी लावून झोपायचं नाही.

चौथा, रस्त्याकडेचा वाहनतळ. मनाई नसेल तिथे गाडी लावून आत झोपता येतं. पण खुर्च्या बाहेर मांडल्या, छत उघडलं की ते पार्किंग राहत नाही, कॅम्पिंग होतं, आणि कॅम्पिंग जिथे तिथे चालत नाही. समुद्रकाठी आणि संरक्षित स्थळांच्या परिसरात तर बंदीच. नवख्यांनी याच्या नादी लागू नये.

कुठेही राहा, गावात एखादी रात्र लवकर दिवे मालवून बाहेर उभे राहा. केर्सीच्या पठाराचा एक भाग फ्रान्समधल्या सगळ्यात काळोख्या आकाशांपैकी म्हणून ओळखला जातो, त्याला ‘केर्सीचा काळा त्रिकोण’ असंच नाव आहे. आकाशगंगा इतकी स्पष्ट मी लहानपणी आजोळच्या अंगणात पाहिली होती, त्यानंतर इथेच.

६. पाणी, वीज, गॅस आणि कॅसेट

हे चार विषय आधी नीट समजून घ्या, मग बाकीची सहल सुखाची होते.

पाणी: नळावर ‘ओ पोताब्ल’ असेल तर पिण्याचं. ‘नों पोताब्ल’ असेल तर नाही. सांडपाणी सोडायची जाळी आणि पिण्याचा नळ शेजारी शेजारी असतात. त्यामुळे भरायची नळी स्वतःची वेगळी ठेवा, आणि नळाला लावण्याआधी नळाचं तोंड पुसून घ्या, कुणी तिथेच कॅसेट धुतलेली असू शकते.

वीज: इथे आपली गफलत होते. कॅम्पिंगमध्ये ६ किंवा १० अँपिअरची जोडणी मिळते. ६ अँपिअर गुणिले २३० व्होल्ट म्हणजे साधारण १,३८० वॅट. पाण्याची किटली एकटी २,००० वॅट घेते. ती लावली की फ्यूज उडतो, आणि खांबावरची पेटी कुलूपबंद असेल तर कार्यालय उघडेपर्यंत बसून राहायचं. पाचशे वॅटचा छोटा भाताचा कुकर खुशाल लावा, चहा गॅसवर करा. जुन्या कॅम्पिंगमध्ये निळा गोल प्लग बसत नाही, घरगुती फ्रेंच सॉकेट असतं. गाडीत त्याचा जोड आहे का, हे ताबा घेतानाच विचारा.

गॅस: चालत्या गाडीत सिलिंडर बंद. थंडीच्या दिवसांत प्रोपेन मागा, ब्युटेनची शून्याच्या आसपास वाफ होत नाही.

कॅसेट: दोघांच्या वापराला दोन-तीन दिवसांत भरते. फलकावर लाल दिवा लागायची वाट बघू नका. बाहेरच्या दारातून ती ओढून काढायची, चाकं असतील तर सुटकेससारखी न्यायची, तोटी खाली वळवायची आणि ओतताना हवेचं बटण दाबून धरायचं, म्हणजे उसळत नाही. थोडं पाणी घालून हलवून पुन्हा ओतायचं, मग निळं औषध. पहिल्या वेळी नकोसं वाटतं, तिसऱ्या वेळी भांडी घासण्याइतकं साधं काम होतं. ते आळीपाळीने करा, एकाच्याच गळ्यात घालू नका.

निघताना दर वेळी आम्ही पाच गोष्टी मोठ्याने मोजतो: वायर काढली, गॅस बंद, छताची खिडकी बंद, कपाटं लावली, पायरी आत. पहिल्या सहलीत छताची खिडकी उघडी राहिली आणि वाऱ्याने तिची बिजागरी गेली. अनामतीतून बरेच पैसे कापले गेले. तेव्हापासून मोजणी चुकली नाही.

७. चालायला सुरुवात

फ्रान्समधल्या पायवाटा रंगांनी बोलतात. झाडावर, दगडावर, विजेच्या खांबावर रंगाच्या छोट्या पट्ट्या असतात. पांढरी आणि लाल म्हणजे ‘जीआर’, लांब पल्ल्याची वाट. पिवळी आणि लाल म्हणजे एखाद्या मुलखाला प्रदक्षिणा घालणारी. नुसती पिवळी म्हणजे स्थानिक, एका दिवसात संपणारी, बहुधा फिरून मूळ जागी आणणारी. सुरुवात पिवळीपासून करा. आडवी पट्टी किंवा पट्ट्या दिसल्या तर सरळ चला, फुली दिसली तर वाट चुकली, पट्ट्यांखाली वळलेला बाण असेल तर त्या बाजूला वळा. दहा-पंधरा मिनिटं एकही खूण दिसली नाही, तर पुढे जायचं नाही. मागे शेवटच्या खुणेपर्यंत या.

आयजीएन या फ्रान्सच्या सरकारी नकाशा संस्थेचा १:२५,००० चा कागदी नकाशा घ्या. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे अडीचशे मीटर. आपल्याकडे गडावर जाताना गावातला माणूस वाट दाखवतो, इथे तासन्‌तास कुणी भेटत नाही. मोबाइलचा नकाशा आधी उतरवून ठेवा, पण कागदी नकाशाची बॅटरी संपत नाही.

पहिली वाट कोणती, तर माझं उत्तर ठरलेलं आहे: बूझिएस ते सँ-सिर्क-लापोपी. गाडी बूझिएसच्या तळावर लावा. गावचा झुलता पूल अरुंद आहे, चढण्याआधी पाट्या वाचा. वाट नदीच्या काठाने निघते आणि थोड्याच वेळात कड्याच्या पोटात शिरते. एकोणिसाव्या शतकात लॉतमधून मालाच्या होड्या जात. प्रवाहाविरुद्ध त्या दोरांनी ओढाव्या लागत. पण इथे कडा सरळ पाण्यात उतरतो, ओढणाऱ्यांना पाय ठेवायला जागाच नव्हती. म्हणून १८४० च्या दशकात कडा कोरून वाट काढली. डोक्यावर खडकाचं छत, एका बाजूला दगड, दुसऱ्या बाजूला हिरवं, संथ पाणी. भिंतीला हात लावा, अवजारांच्या तिरप्या खुणा बोटांना लागतात, एकाखाली एक, हजारो. मध्येच भिंतीवर दानिएल मोनिए या शिल्पकाराने मासे आणि शंख-शिंपले कोरले आहेत. चुनखडी मुळात समुद्रतळाशी तयार झालेली, तिच्यावर ते शोभतात. आम्ही तिथे चालायचे थांबून किती तरी वेळ नुसते उभे होतो.

पुढे बंधारा आणि जलद्वार लागतं, आणि मग चढण. गाव नदीपासून सुमारे शंभर मीटर उंच कड्यावर आहे. एकेकाळी इथले कारागीर लेथवर पिंपांच्या लाकडी तोट्या करायचे, त्यांच्या कमानीदार दुकानांची तोंडं अजून दिसतात. कवी आंद्रे ब्रेतों यांनी १९५० मध्ये हे गाव पाहिलं आणि नंतरचे उन्हाळे इथेच घालवले. जायला साधारण दीड तास, यायला तेवढाच. सकाळी नऊच्या आत निघालात तर बस येण्याआधी गाव तुमचं.

दुसरी वाट रोकामादूरजवळची, आल्झू नदीच्या घळीतली. दाट सावलीतून ती ‘मुलँ द्यु सो’ नावाच्या पडक्या पाणचक्कीपाशी जाते. पावसानंतर दगड निसरडे असतात.

पठारावरची वाट निवडलीत तर पाण्याकडे नीट लक्ष द्या. चुनखडीत पाऊस मुरतो आणि जमिनीखालून वाहतो, वर ओढे नसतात. माणशी दोन लिटर पाणी घरूनच. वाटेत गाव लागलं तर दफनभूमीत बहुधा नळ असतो, लांबचे वाटसरू तिथेच बाटल्या भरतात, मात्र पाटी वाचून. दगडी कुंपणांमधली फाटकं उघडलीत तशी लावून घ्या. आत मेंढ्या असतात, इथल्या जातीच्या डोळ्यांभोवती काळी वर्तुळं असतात, काजळ घातल्यासारखी.

पूर्ण बाह्या, पूर्ण पँट. गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यापासून लाइम नावाचा आजार होतो. संध्याकाळी अंग तपासा: गुडघ्यामागे, काखेत, कमरेशी, केसांच्या कडेला. गोचीड काढायचा छोटा आकडा औषधाच्या दुकानात मिळतो, हिरव्या फुलीचं दुकान ते. तेल-बिल लावू नका, आकड्याने फिरवून अख्खी काढा. जागेभोवती पुढच्या काही आठवड्यांत लाल वर्तुळ पसरू लागलं तर डॉक्टर गाठा.

सप्टेंबरपासून शिकारीचा हंगाम असतो. ‘शास आँ कूर’, म्हणजे ‘शिकार चालू आहे’, अशी पाटी दिसली तर त्या रानात शिरू नका. भडक रंगाचे कपडे घाला.

या भागात पाठीवर शिंपला लटकवलेले लोक भेटतील. ते स्पेनमधल्या सांतियागोचे यात्रेकरू. ल पुईहून निघणारा त्यांचा मार्ग, जीआर ६५, फिझाक आणि काओरवरून जातो, आणि त्याची एक शाखा, जीआर ६५१, सेलेच्या खोऱ्यातून येते. वारीची सवय असलेल्या आपल्या माणसाला त्यांच्याशी बोलायला भाषा लागत नाही. ‘बों शमँ’ म्हणा, वाट सुखाची होवो.

८. बघण्यासारखं

गुहांची आरक्षणं घरूनच करा. काब्रेरेजवळची पेश मेर्ल ही आदिमानवाच्या चित्रांची गुहा १९२२ मध्ये दोन मुलांना सापडली. दिवसाला ७०० माणसंच आत सोडतात. लास्कोची प्रसिद्ध मूळ चित्रगुहा १९६३ पासून बंद आहे, तिथे प्रतिकृती बघावी लागते. पेश मेर्लमध्ये मात्र खरी चित्रं दिसतात. ठिपक्यांचे दोन घोडे, पाठीला पाठ लावल्यासारखे, सुमारे २९,००० वर्षांपूर्वीचे. त्यांच्याभोवती हाताचे पंजे, तळवा दगडावर ठेवून वरून रंग फुंकून उमटवलेले. माझ्या नवऱ्याने नकळत स्वतःचा पंजा हवेत तसा धरला. मागची बाईही तेच करत होती.

पादिराकला जमिनीत पस्तीस मीटर रुंदीचं तोंड आहे, ७५ मीटर खाली उतरायचं आणि भुयारी नदीतून नावेने जायचं. गुहासंशोधक एदुआर-आल्फ्रेद मार्तेल १८८९ मध्ये तिथे पहिल्यांदा उतरले. आत बाराही महिने १३ अंश असतात, बाहेर कितीही ऊन असो, स्वेटर न्या. रोकामादूरला संध्याकाळी जा. आधी पलीकडच्या लोस्पितालेवरून कड्याला चिकटलेलं गाव बघा, मग २१६ पायऱ्या. काओरचा तीन बुरुजांचा व्हालांत्रे पूल १३०८ मध्ये सुरू झाला. मधल्या बुरुजावर वरच्या कोपऱ्यात एक छोटा दगडी सैतान आहे, १८७९ च्या दुरुस्तीत बसवलेला, दुर्बिणीने शोधा. फिझाकला इजिप्तची चित्रलिपी उलगडणाऱ्या शांपोलियाँचं जन्मघर आहे.

एका दिवसात एकच मोठं ठिकाण. दोन केलीत की चालणं बुडतं.

९. बाजार आणि जेवण

दुकानात शिरल्यावर पहिला शब्द ‘बोंजूर’. आधी तो, मग बाकी सगळं. तो न म्हणता थेट मागितलं तर समोरच्याला ते उद्धट वाटतं आणि चेहरा बंद होतो. नुसत्या या एका शब्दाने आम्हाला बाजारात चव बघायला मिळाली आणि एका आजींनी अक्रोड मूठभर जास्त घातले.

दुकानं दुपारी १२ ते २ बंद. रविवारी दुपारनंतर जवळपास सगळं बंद. सोमवारी बऱ्याच बेकऱ्यांना सुट्टी. शनिवारीच सोमवारपर्यंतचं घ्या. काओरला बुधवारी आणि शनिवारी सकाळी कॅथेड्रलसमोर बाजार भरतो. खानावळीत दुपारी दीडनंतर गेलात तर चूल विझलेली असू शकते.

शाकाहारी असाल तर ‘शाकाहारी’ एवढा शब्द पुरत नाही. सॅलडवर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे टाकतात, त्यांना ‘लार्दों’ म्हणतात: ‘सां लार्दों’ असं सांगा. बटाटे बदकाच्या चरबीत परततात, तेही विचारा. रोकामादूर नावाचं बकरीच्या दुधाचं छोटं गोल चीज ही इथली शान आहे, पण बहुतेक पारंपरिक चीजप्रमाणे त्यालाही प्राणिज रेनेट, म्हणजे दूध साकळवण्यासाठी प्राण्याच्या जठरातून काढलेला घटक, लागतं. कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी हे आधी जाणून घ्यावं. ‘ऊन काराफ दो’ म्हटलं की नळाचं पाणी फुकट देतात.

आमचा रोजचा शिरस्ता: दुपारी पाव, टोमॅटो, चीज आणि फळं वाटेवरच. रात्री व्हॅनमध्ये मुगाची खिचडी, वर कढवलेलं तूप. अक्रोडाची चटणी करून पाहा, लसूण आणि तिखट आपलं, अक्रोड तिथले.

१०. अडचण आली तर

११२ हा नंबर कुठूनही लागतो. रुग्णवाहिकेसाठी १५. साधं दुखणं असेल तर आधी औषधाच्या दुकानात विचारा. हवामान खात्याच्या इशाऱ्याचे रंग रोज बघा: नारिंगी असेल तर नदीकाठी मुक्काम नको आणि पठारावर चालणं नको. मोटारमार्गावर गाडी बंद पडली तर जॅकेट घालून लगेच कठड्याच्या पलीकडे जा आणि रस्त्याकडेच्या नारिंगी फोनवरून कळवा. तिथे कुठलीही क्रेन बोलावता येत नाही, नेमलेलीच येते.

११. गाडी परत देताना

शेवटची रात्र परत द्यायच्या जागेपासून अर्ध्या तासावर काढा. संध्याकाळीच कॅसेट धुवा, सांडपाणी सोडा, आतून झाडून घ्या. सकाळी टाकी भरून पावती ठेवा. चारही बाजूंचे, छताचे आणि किलोमीटरच्या आकड्याचे फोटो काढा. बुटांचा चिखल तिथेच घासून टाका, ओले बूट सामानात घालू नका.

नकाशे मात्र टाकून देऊ नका. आमच्या नकाशावर चाललेल्या वाटा लाल पेन्सिलीने आखल्या आहेत. सेलेच्या वरच्या अंगाला, मार्सियाकच्या पडक्या मठाभोवतीचा कोपरा अजून कोराच आहे. पुढच्या जूनमध्ये तिथूनच सुरुवात करणार आहोत.